ढगांचा वळसा

१

कॅमेरा खरं तर चोरासाठी घेतला होता. गल्लीत दारासमोर ठेवलेली पार्सलं पळवणारा कुणीतरी सुटला होता, म्हणून नवऱ्याने एका रविवारी शिडी लावली, भिंतीला भोकं पाडली आणि मुठीएवढा पांढरा कॅमेरा दाराच्या चौकटीवर बसवून दिला. तो तिथे फार दिवस टिकला नाही. एके संध्याकाळी सूनबाई कामावरून घरी आली तर चौकटीवर नुसते स्क्रू उरलेले, आणि कॅमेरा गच्चीत, टाकीच्या पाइपाला तारेने बांधलेला. तोंड सरळ आभाळाकडे.

"चोर काय आता वरून उतरणार आहे का, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"पार्सल पुन्हा मागवता येतं," सासरे म्हणाले, आणि चहा प्यायला बसले.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण सूनबाईला ते कळलं. सासूबाईंना झटका येऊन उजवी बाजू गेली होती. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलेली बाई, उन्हापाण्यात वाढलेली, आणि आता तळमजल्यावरच्या खोलीत आडवी. जिना चढवणं शक्य नव्हतं. खोलीला खिडकी होती, पण खिडकीतून दिसायची ती शेजारच्या घराची भिंत. बोलणंही जवळपास गेलं होतं. 'हो', 'नको' आणि 'बघ' एवढेच शब्द शिल्लक राहिले होते, आणि त्यांच्यावरच त्या घर चालवत होत्या.

सासरे निवृत्त पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेली. मोबाइल म्हटलं की हात झटकणारा हा माणूस नाकावर चष्मा लावून चार दिवस त्या कॅमेऱ्याशी झुंजला आणि हवं ते शिकून उठला. कॅमेरा दिवसभर दर काही सेकंदांनी आभाळाचा एकेक फोटो काढायचा. संध्याकाळी ते सगळे फोटो एकामागोमाग पळवले की अख्खा दिवस दोन-तीन मिनिटांत डोळ्यांसमोरून जायचा. पलंगासमोरच्या टीव्हीवर सासरे तो लावायचे, बायकोच्या पाठीशी उशी द्यायचे, आणि म्हणायचे, "चला मॅडम, आजचं आभाळ आलंय."

काय आभाळ असायचं ते. सकाळचं विरळ, ताकासारखं. दुपारी ढग असे उकळून वर यायचे की आपणच खाली कुठेतरी बुडालो आहोत असं वाटावं. संध्याकाळी सगळं एकदम पेटायचं आणि विझायचं. "हा पिवळा डब्यात मिळत नाही," सासरे म्हणायचे. "आयुष्यभर शोधला." सासूबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. माणसं बायकोसाठी काय काय करतात हे सूनबाईने ऐकलं होतं, पण आभाळ खाली आणून भिंतीवर लावणारा माणूस तिने हा एकच पाहिला होता. ती कितीही दमली असली तरी त्या वेळेला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचीच.

अशाच एका संध्याकाळी सासूबाईंनी डावा हात उचलला.

"बघ," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी फिल्म मागे घेतली, पुन्हा लावली. ढगांचा कळप डावीकडून उजवीकडे चालला होता, सगळा एका लयीत. आणि वरच्या कोपऱ्याजवळ, जिथे काहीच नव्हतं, तिथे तो फाटला. दोन बाजूंनी गेला, पलीकडे पुन्हा एक झाला. मागून येणाऱ्या ढगानेही तेच केलं. त्याच्या मागच्यानेही.

"ओढ्यात दगड असावा तसं," सासरे हलक्या आवाजात म्हणाले.

मध्ये नुसतं निळं आभाळ होतं.

२

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोक तिच्यासमोर बसून नसलेल्या गोष्टी बघत. कुणाला तरंगणारे धागे दिसत, कुणाला दिव्याभोवती कडी. प्रत्येकाला काहीतरी कारण असे आणि ती ते शांतपणे समजावून सांगे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती गच्चीत गेली ती घाबरून नव्हे, मऊ फडकं घेऊन.

भिंगावर डाग नव्हता. तरी तिने पुसलं. कॅमेऱ्यातच दोष असेल तर कॅमेरा फिरवल्यावर तो दोष चित्रात त्याच जागी राहायला हवा, म्हणून तिने कॅमेरा थोडा फिरवून बांधला. संध्याकाळी फिल्ममध्ये ती जागा सरकली होती. म्हणजे दोष भिंगात नव्हता. ती जागा आभाळात होती, टाकीच्या कोपऱ्याच्या बरोबर वर, आणि तिथून हलत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी तिने गच्चीत खुर्ची टाकली आणि तिथेच बघत बसली. काही दिसलं नाही. ढग इतके सावकाश जातात की त्यांचं चालणं डोळ्याला पकडता येत नाही. मान दुखली, डोळ्यांतून पाणी आलं. ती पापणी मिटे, उघडे, आणि तेवढ्यात ढग पलीकडे गेलेला असे. कसा गेला, हे काही कळत नसे.

"हवेचा झोत असेल," नवरा म्हणाला. "खालून गरम हवा वर जाते. कुठल्या तरी कारखान्याची."

"इथे कारखाना कुठे आहे?"

"मग लॉन्ड्री आहे ना समोर. दिवसभर वाफ सोडतात."

कारण बरं होतं. तिने ते घेतलं, आणि आठवडाभर वापरलंही.

सासऱ्यांना मात्र कारण नको होतं. ते त्याला 'आपला दगड' म्हणू लागले होते. ढगांच्या कडा कशा गुळगुळीत वळतात, मागे पाण्यासारखी शेपटी कशी उमटते, हे ते फिल्म थांबवून थांबवून बायकोला दाखवत. "एवढी सरळ कड मला पट्टी लावूनसुद्धा ओढता आली नसती," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. सूनबाईची नजर निघायची नाही. इतकं सुंदर काही तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

३

दगड खाली येत होता.

आधी ते सूनबाईच्याच लक्षात आलं. सुरुवातीला उंच, पिंजलेल्या कापसासारखे ढग वळायचे. मग खालचे, जड ढग वळायला लागले आणि वरचे सरळ जाऊ लागले. नंतर एक दिवस कबुतरांचा थवा. फिल्ममध्ये थवा म्हणजे नुसती काळी फुंकर, पण ती फुंकरही मध्ये दुभंगली आणि पलीकडे मिळाली. मग लॉन्ड्रीच्या पाइपातून निघणारी वाफ. ती सरळ वर चढायची, गल्लीच्या मध्यावर यायची, आणि कुणाच्या तरी खांद्यावरून जावी तशी वाकून पुढे जायची.

म्हणजे वाफेमुळे दगड नव्हता.

त्या दिवशी तिने सासऱ्यांना जिन्यातच गाठलं.

"बाबा, थोडे दिवस बंद ठेवूया का हे?"

"का गं?"

"उगीच. मला बरं वाटत नाही ते बघून."

सासरे पायरीवर टेकले. गुडघ्यांवर हात ठेवले. "तुला खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "मलाही पहिल्या दिवशी अंगावर काटा आला होता. पण पोरी, ती दिवसभर भिंतीकडे बघत पडलेली असते. संध्याकाळ झाली की डोळे टीव्हीवर. हे बंद केलं तर मी तिला काय दाखवू? माझं तोंड?"

ती सासूबाईंच्या खोलीत गेली. केस विंचरायची वेळ झालीच होती. ती पलंगाच्या कडेला बसली, फणी हळूहळू फिरवत विचारलं, "आई, ती फिल्म बंद करूया?"

"नको."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

सासूबाईंनी डाव्या हाताने तिचा हात धरला. पकड अजून पोहणाऱ्या बाईचीच होती. त्यांचा चेहरा, जेवढा हसू शकत होता तेवढा, हसला. पाण्याला घाबरणाऱ्या पोराकडे बघून काठावरची बाई हसते, तसा. सूनबाईला लाज वाटली, आणि धीरही आला.

दोन दिवसांनी पावसाची भुरभुर झाली. गच्ची भिजली. टाकीजवळ, माणूस उभा राहील एवढी जागा कोरडी होती. खालून गरम पाण्याचा नळ जात असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. मग दोरीवरचे कपडे न काढताच खाली आली.

४

आणि एके संध्याकाळी आभाळ पूर्ण होतं.

ढग आले, गेले, कुठेही फाटले नाहीत. वाफ सरळ वर चढली. कबुतरं आपल्या वाटेने गेली. सासऱ्यांनी फिल्म दोनदा लावली.

"गेला बिचारा," ते म्हणाले. पाहुणा न सांगता उठून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सूनबाईला इतकं हलकं वाटलं की ती कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेऊन आली. नवऱ्याने विचारलं, कुणाचा वाढदिवस? ती म्हणाली, कुणाचा नाही, खा गप. सासूबाईंना तिने छोट्या चमच्याने क्रीम भरवलं. घर पुन्हा घरासारखं झालं.

फक्त सासूबाई आता टीव्हीकडे बघेनाशा झाल्या होत्या. फिल्म चालू असायची, सासरे रंगांबद्दल बोलत असायचे, आणि त्यांची नजर बाजूला, पलंग आणि कपाटाच्या मधल्या मोकळ्या जागेवर. झटक्यानंतर काहींची अर्धी नजर जाते, मग ते एका बाजूलाच बघत राहतात. हे सूनबाईला ठाऊक होतं, आणि तिने सासऱ्यांना तसं समजावलंही.

पण डोळे हा तिचा धंदा होता. लांबचं बघताना दोन्ही बुबुळं समांतर राहतात. जवळचं बघताना ती आत वळतात, जितकं जवळ तितकी जास्त. भिंत तिथून बरीच लांब होती. सासूबाईंची बुबुळं मात्र आत वळलेली होती. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावरचं काहीतरी त्या बघत होत्या, आणि ते उंचीला उभ्या माणसाएवढं होतं, कारण नजर वर लागलेली होती.

नजर स्थिर होती. चेहऱ्यावर कौतुक होतं. सासऱ्यांनी दाखवलेल्या पहिल्या आभाळाकडे त्यांनी बघितलं होतं, अगदी तसं.

५

आईंवर दिवसभर लक्ष राहील, असं सांगून सूनबाईने कॅमेरा गच्चीतून काढला आणि खोलीतल्या कपाटावर ठेवला. कुणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, आलेल्या गिऱ्हाइकांना 'वरची ओळ वाचा' सांगत राहिली, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोबाइलवर तो दिवस पाहिला.

खिडकीतून आलेला उजेड फरशीवर उमटला आणि सरकत गेला. सासरे आत-बाहेर करत होते, मुंग्यांसारखे भराभर. दारातून पलंगाकडे जायला वाट सरळ होती. ते दर वेळी कपाटाच्या अलीकडे डावीकडे वळत, गोल फिरून पलंगाशी पोचत. फरशी पुसणारी बाई आली. तिचा पोछा लांब पट्ट्यांनी पुढे आला, त्या जागेशी वाकला, आणि तिला वळसा घालून गेला. सासूबाईंचा व्यायाम करून घेणारा आला, त्यानेही तेच केलं. नवरा डोकावून गेला, तोही तसाच. कुणी थबकलं नाही, कुणी खाली बघितलं नाही.

तिने फिल्म सुरुवातीला नेली. सकाळी, कामावर जायच्या आधी, हातात नाश्त्याचा ट्रे घेऊन एक बाई खोलीत शिरली. कपाटापाशी ती अंग चोरून, ट्रे उचलून, नेटकी वळली, गर्दीत एखाद्याला धक्का लागू नये म्हणून वळतात तशी.

ती बाई म्हणजे ती स्वतः होती. तिला वळल्याचं काहीही आठवत नव्हतं.

ती खोलीत गेली. सासरे पलंगाशी बसून बायकोचे पाय चेपत होते. तिने जागा नीट हेरली, नजर फरशीवर ठेवली, आणि ठरवून पाऊल टाकलं.

ती पलंगाशी उभी होती. जागा तिच्या मागे होती.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही." ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जरा इकडे या, माझ्याजवळ. सरळ या."

ते उठले आणि आले. सरळच आलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी घातलेला वळसा तिने उघड्या डोळ्यांनी पाहिला.

"किती वेळ उभं ठेवायचं?"

दोघं एकदम वळली. वाक्य सासूबाईंचं होतं. इतक्या महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य, शब्द न् शब्द स्वच्छ. त्या दोघांकडे बघतच नव्हत्या. त्यांचा उजवा हात, ठेवावा तिथेच पडून राहणारा तो हात, हलला. बोटं उघडली. हाताने चादर धरली, बाजूला केली, आणि त्या अंग उचलून पलीकडे सरकल्या. पलंगावर कुणीतरी बसेल एवढी जागा झाली.

सासरे गुडघ्यांवर बसले. "हात," ते म्हणत होते. "अगं, हात बघ हिचा." रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं होतं त्यांना. नवरा धावत आला, तोही बघत राहिला. सगळे हाताकडे बघत होते. सूनबाई तेवढी सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघत होती. बुबुळं आणखी आत वळली, आणखी, नाकाच्या शेंड्याकडे बघावं इतकी. मग एकदम सुटली आणि समांतर झाली.

६

डॉक्टरांनी सासूबाईंच्या जिद्दीचं कौतुक केलं. गल्लीने सासऱ्यांचं केलं. दोन्ही योग्यच होतं. काठी घेऊन चालणं, मग काठीशिवाय, आणि एक दिवस सासूबाई स्वतःच्या पायांनी जिना चढून गच्चीत आल्या. त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. सासरे बाजूला उभे होते. अशा वेळी माणसाने कुठे बघावं ते न कळून ते पाइपाला तशीच राहिलेली कॅमेऱ्याची तार घट्ट करत राहिले.

कॅमेरा पुन्हा वर गेला. आता आभाळाच्या फिल्ममध्ये खालच्या कडेला गच्चीचा तुकडाही यायचा. संध्याकाळी सासूबाई तिथे खुर्ची टाकून बसत, आणि फिल्ममध्ये स्वतःला बघून त्यांना मौज वाटे. ढग सरळ जात होते. रंग तसेच डब्यात न मिळणारे. सूनबाई पुन्हा चौकटीला टेकून बघायला लागली होती.

आणि एका संध्याकाळी तिची नजर आभाळावरून खाली घसरली.

आदल्या दिवशीच्या फिल्ममध्ये सासूबाई खुर्चीत शांत बसल्या होत्या. सासरे कप घेऊन आले. खुर्चीजवळ आले, वळले, गोल फिरले, आणि कप कठड्यावर ठेवून गेले. सासूबाईंनी उठून तो घेतला. कबुतरं दाणे टिपत पसरली, खुर्चीभोवती गोल जागा मोकळी ठेवून. नवरा शाल घेऊन आला. ती त्यांच्या खांद्यावर घालायला वाकल्यासारखा वाकला, आणि शाल शेजारच्या दोरीवर टाकून निघून गेला.

त्या बऱ्या झाल्या आहेत, तिने स्वतःला समजावलं. आता कुणी भरवायला नको, उठवायला नको. केसही त्या स्वतःच विंचरतात. आपण शेवटचं त्यांना हात कधी लावला? तिने आठवून पाहिलं. चादर बाजूला झाली त्या संध्याकाळनंतरचं तिला काही आठवेना. अलीकडे सासरे हॉलमध्ये झोपायला लागले होते. तिथे वारा बरा येतो म्हणाले होते.

ती जिना चढून वर गेली. संध्याकाळ भरात होती. सासूबाई खुर्चीत होत्या, चेहरा वर, आणि त्या चेहऱ्यावर आभाळाचा सगळा पिवळा उतरला होता. इतकी देखणी बाई आपल्या घरात आहे, हे तिला आत्ताच कळत होतं.

"आई," ती म्हणाली, आणि हात पुढे करून सरळ त्यांच्याकडे चालत गेली.

तिच्या हातात कठडा लागला. थंड, खरखरीत. खाली गल्ली होती. खुर्ची तिच्या पाठीमागे होती.

ती वळली. पुन्हा गेली, या वेळी मोजून, दात घट्ट आवळून. या वेळी हातात दोरीवरची शाल आली. तिसऱ्यांदा ती जाणार, तेवढ्यात सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पोरांना पाण्यात उतरवणारा, धीर देणारा होता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तो कुणालाच येऊ देत नाही. तू तिथूनच बोल. मला ऐकू येतं."

सूनबाईने शालीची घडी घातली. जिथवर जाता येत होतं तिथवर ती गेली, आणि जमिनीवर बसून सासूबाईंशी बोलत राहिली.